घरखात्यातून परस्पर कापले जाणारे पैसे: चार्ज ओळखा, थांबवा, परत मागा

पासबुकावर एंट्री मारून आणली की मधेच २९५ रुपये, २३ रुपये ६० पैसे, १७ रुपये ७० पैसे असे आकडे दिसतात. कुणी काढले नाहीत, कुणाला दिले नाहीत, तरी गेले. अशा आकड्याला आधी १.१८ ने भागून बघा. २९५ चे बरोबर २५० होतात, २३.६० चे २० आणि १७.७० चे १५. भागाकार असा गोल आला की समजायचं, हा बँकेचा चार्ज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी आहे. अर्धी ओळख तिथेच पटते.

काही देशांत खात्यात पैसे नसले तरी बँक व्यवहार पुढे जाऊ देते आणि वर ओव्हरड्राफ्टची फी लावते. आपल्या साध्या बचत खात्यावर असा ओव्हरड्राफ्ट आपोआप मिळत नाही. इथे बँक व्यवहार परत पाठवते आणि परत पाठवल्याचे पैसे लावते. खिशाला बसणारी चाट सारखीच, वर हप्ता भरला गेला नाही तो नाहीच. सोलापुरातल्या बहुतेक घरांत ही गळती दोन ठिकाणी होते: हप्त्याची आणि पगाराची तारीख जुळत नाही, किंवा घरात कुणीच वापरत नाही असं एखादं खातं चालू राहिलेलं असतं. पैसे कमी असणं हे कारण बऱ्याचदा तिसऱ्या नंबरवर येतं.

आधी सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा

घरातल्या सगळ्या खात्यांचं, एकाचंच नव्हे. बँकेच्या अॅपमधून पीडीएफ मिळतं. अॅप नसेल तर शाखेत पासबुक भरून घ्या. पासबुक फार दिवस भरलेलं नसेल तर मधल्या नोंदी एका ओळीत गोळा होऊन येतात आणि चार्ज दिसतच नाहीत. तसं झालं असेल तर छापील स्टेटमेंट मागा. त्याचे पैसे लागतील का, ते आधीच विचारून घ्या.

नोंदींची अक्षरं इंग्रजी आणि तुटक असतात. ‘एसीएच’ किंवा ‘नॅच’ (ठरल्या तारखेला खात्यातून हप्ता आपोआप कापणारी बँकांची यंत्रणा) आणि पुढे ‘आरटीएन’, म्हणजे रिटर्न, असेल तर हप्ता परत गेला. ‘एएमबी’, ‘एमएबी’ किंवा ‘मिन बॅल’ म्हणजे किमान शिल्लक राखली नाही. ‘एटीएम’ च्या पुढे ‘डिक्लाइन’ असेल तर पैसे नसताना मशीनमध्ये कार्ड घातलं होतं. एसएमएसचे चार्जेस साधारण तिमाहीला येतात, कार्डाचे वर्षातून एकदा.

दोन नोंदींवर मात्र भांडायला जाऊ नका. ४३६ रुपये हा पंतप्रधान जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता, २० रुपये हा सुरक्षा विम्याचा. दोन्ही मे महिन्याच्या शेवटाकडे कापले जातात, कारण विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. बघायचं एवढंच, की एकाच माणसाच्या दोन खात्यांतून ते कापले जात नाहीत ना. दोनदा हप्ता भरला म्हणून दोनदा विमा मिळत नाही. जादा असलेल्या बँकेत बंद करण्याचा अर्ज द्या.

आता कागदावर तीन रकाने आखा: तारीख, रक्कम, कशाचा चार्ज. जो चार्ज दोनपेक्षा जास्त वेळा आला त्याच्यापासून सुरुवात करायची.

हप्ता बाउन्स: सगळ्यात महाग गळती

दुचाकी, मोबाइल, फ्रिज, घरकुल, बचतगटाच्या पलीकडचं छोटं कर्ज, सगळ्यांचे हप्ते आता नॅचने जातात. कर्ज घेताना सही केलेला किंवा ओटीपी देऊन मंजूर केलेला मॅन्डेट म्हणजे ‘दर महिन्याला अमुक तारखेला माझ्या खात्यातून एवढे काढा’ ही तुम्हीच दिलेली परवानगी.

हिशोब करून बघा. २४०० रुपयांचा हप्ता, तारीख ५. खात्यात १९०० होते. हप्ता परत गेला, बँकेने २५० अधिक जीएसटी असे २९५ लावले. खासगी बँकेत हाच आकडा ५०० च्या घरात असतो. कर्ज देणाऱ्या कंपनीने आपले ५०० बाउन्स चार्ज म्हणून वेगळे लावले. चार दिवसांनी कंपनीने तोच हप्ता पुन्हा पाठवला, पुन्हा पैसे नव्हते, पुन्हा २९५. एकूण १०९०, म्हणजे निम्म्या हप्त्याला टेकले, आणि हप्ता अजून बाकीच आहे.

खरा घोटाळा याच्या पुढे होतो. चार्ज कापायला खात्यात पैसे नसतील तर बऱ्याच बँका ती रक्कम ‘लीन’ किंवा ‘होल्ड’ म्हणून मांडून ठेवतात आणि पैसे जमा झाले की आधी ती वसूल करतात. तुम्ही मोजून २४०० भरता, त्यातून २९५ जातात, उरतात २१०५, आणि हप्ता तिसऱ्यांदा बाउन्स होतो. ‘मी तर पैसे भरले होते’ असं काउंटरवर सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. म्हणून बाउन्सनंतर पैसे भरण्याआधी अॅपमध्ये ‘लीन अमाउंट’ बघा किंवा शाखेत विचारा: “खात्यावर होल्ड किती आहे?” मग हप्ता, अधिक होल्ड, अधिक शंभरेक रुपये असे भरा.

बाउन्स झाल्याच्या दिवशीच करायची कामं अशी. कर्ज कंपनीच्या अॅपवरून किंवा शाखेत जाऊन हप्ता थेट भरा, पावती घ्या आणि ‘हा हप्ता पुन्हा बँकेत पाठवू नका’ असं मेसेज किंवा ईमेलने लेखी कळवा. फोनवर सांगितलेलं कुणी लिहून ठेवत नाही. वसुलीवाल्याच्या वैयक्तिक यूपीआय नंबरवर पैसे टाकू नका. कंपनीच्या कर्जखात्यावरच भरा.

कंपनीने लावलेला आकडाही तपासा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या नियमानुसार उशिराबद्दल दंडव्याज लावता येत नाही, दंड म्हणून वाजवी रक्कमच लावता येते आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. कर्जाच्या अटी मोडल्याबद्दलच्या अशा दंडावर जीएसटी लागत नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये सरकारी परिपत्रकाने स्पष्ट झालं आहे. कर्जाच्या स्टेटमेंटमध्ये दंडावर जीएसटी दिसला तर विचारा.

तारीख जुळवणं

एमआयडीसीतल्या कारखान्यांत, दुकानांत पगार ७ ते १० तारखेला होतो. विडी कामगारांची आणि यंत्रमागावरची मजुरी आठवड्याला येते. आणि कर्ज कंपन्यांच्या आवडत्या तारखा २, ३ आणि ५. महिन्याचा शेवट, किराणा, भाडं सगळं निपटून खातं तळाला गेलेलं असतं नेमकं तेव्हाच हप्ता दार वाजवतो.

नवीन कर्ज घेताना तारीख मागून घ्या. पगार १० ला येत असेल तर १२ किंवा १५ मागा; दुकानातला एजंट ‘सिस्टीममध्ये नाही’ म्हणाला तरी कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा. चालू कर्जाची तारीख बदलायची तर बहुधा नवा मॅन्डेट करावा लागतो आणि मधल्या दिवसांचं थोडं व्याज द्यावं लागतं. ते एका बाउन्सपेक्षा स्वस्तच पडतं. जुना मॅन्डेट रद्द झाल्याची खात्री करा, नाहीतर एकाच महिन्यात दोन्ही तारखांना पैसे जातील.

आठवड्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात हप्त्यासाठी वेगळं शून्य शिल्लक खातं ठेवणं सोयीचं. २४०० चा हप्ता असेल तर दर आठवड्याला मजुरी हातात पडली की ६५० त्यात टाकायचे. चार आठवड्यांत २६०० होतात, वरचे २०० एखाद्या चार्जला आडवे येतात. त्या खात्याचं कार्ड घरात कपाटात राहू द्या आणि ते खातं फोनवरच्या यूपीआयला जोडू नका.

पैसे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत खात्यात हवेत. नॅचची वसुली सकाळीच सुरू होते. ‘दुपारी जाऊन भरतो’ हे चालत नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच रविवारी आणि सुट्टीलाही चालतं. गड्ड्याच्या यात्रेत बँक बंद असली तरी हप्ता जातोच. शाखा बंद असेल तर रोख भरणा मशीन वापरा किंवा घरातल्या दुसऱ्या खात्यातून यूपीआयने टाका.

चेकची सवय असलेल्यांनी एक बदल लक्षात घ्यावा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग वटवले जातात, सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी पास होतो किंवा परत जातो. ‘आज चेक देतो, परवा पैसे भरतो’ हा हिशोब मोडीत निघाला. बाउन्स झालेला चेक हा चेकबद्दलच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ खाली गुन्हा ठरू शकतो. समोरच्याची नोटीस आल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर विषय तिथेच संपतो. पैसे नसल्यामुळे परत गेलेल्या नॅचलाही २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ तसंच लागू आहे. त्यामुळे कर्जावर वाद असला तरी मॅन्डेट गुपचूप रद्द करून मोकळं होणं हा उपाय नाही. तो रद्द करायचा कर्ज फिटल्यावर, किंवा दुसऱ्या मार्गाने भरण्याचं लेखी ठरल्यावर. बँकेच्या नेटबँकिंगमध्ये किंवा शाखेत अर्ज देऊन तो रद्द होतो. अर्जात मॅन्डेटचा यूएमआरएन नंबर, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहा, नाहीतर भलताच मॅन्डेट बंद व्हायचा.

मोबाइल रिचार्ज, ओटीटी, छोट्या एसआयपी असे वर्गणीचे प्रकार यूपीआय अॅपच्या ‘ऑटोपे’ मध्ये दिसतात. नको ते तिथूनच बंद करा.

किमान शिल्लक: सरासरीचं गणित

मोठा गैरसमज हा, की १०,००० ची अट म्हणजे खातं एक दिवसही त्याखाली जाता कामा नये. बहुतेक बँका महिन्याची सरासरी धरतात: रोज दिवसअखेर जी शिल्लक असेल त्यांची बेरीज, भागिले दिवस. ३० दिवसांच्या महिन्यात १०,००० सरासरी म्हणजे बेरीज ३ लाख. पहिले २० दिवस खात्यात ४,००० च होते, तर ८० हजार झाले; उरलेल्या २ लाख २० हजारांसाठी शेवटचे १० दिवस रोज २२,००० हवेत. उलट, एखाद्याने ६०,००० फक्त ५ दिवस ठेवले तरी ३ लाख भरतात, आणि बाकीचे २५ दिवस खातं रिकामं राहिलं तरी चालतं. दिवाळीचा बोनस किंवा भिशीचे पैसे हातात आले तर ते लगेच दुसरीकडे न हलवता पाच दिवस त्या खात्यात ठेवणं म्हणूनच फायद्याचं.

दुसरा गैरसमज, किमान शिल्लक ‘अडकलेली’ असते. तसं नाही. हप्त्यासाठी ती वापरली जाते, हप्ता त्यामुळे बाउन्स होत नाही. सरासरी घटते, एवढंच.

तूट असेल तर काही खासगी बँका तुटीच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, यांतलं जे कमी ते लावतात. सरासरी ७,००० भरली तर तूट ३,०००, चार्ज १८० आणि जीएसटीसह २१२ रुपये ४० पैसे.

रक्कम शाखा कुठे आहे यावर ठरते. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत १० लाखांवर लोकसंख्या म्हणजे महानगर, १ ते १० लाख शहरी, १० हजार ते १ लाख निमशहरी. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांवर होतं, म्हणून शहर ‘शहरी’ गटात पडतं. बार्शी १ लाखाच्या वर असल्याने तीही शहरी, आणि पंढरपूर थोडक्यात निमशहरी. काही बँका महानगर आणि शहरी एकाच रकान्यात धरतात, त्यामुळे सोलापूरच्या शाखेत मुंबईइतकीच शिल्लक मागितली जाते. खातं उघडताना दरपत्रकातला हा रकाना बोट ठेवून दाखवायला सांगा. गावातल्या शाखेत खातं असेल तर ते उगाच शहरात बदलून घेऊ नका.

स्टेट बँकेने बचत खात्यावरचा हा दंड मार्च २०२० मध्येच बंद केला. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा अशा सरकारी बँकांनीही साध्या बचत खात्यांवर तो काढला. घरखर्चाच्या खात्यासाठी खासगी बँकेत १० हजारांची सरासरी सांभाळत बसण्याचं कारण फारसं उरलेलं नाही.

सोलापूरला विशेष लागू पडणारा प्रकार म्हणजे पुण्यातलं पगारखातं. पोरगा चाकणला किंवा हिंजवडीला दोन वर्षं कामाला होता, परत आला किंवा नोकरी बदलली. पगार यायचा थांबला की साधारण तीन महिन्यांत ते खातं साधं बचत खातं होतं आणि शून्य शिल्लकेची सवलत जाते. मग किमान शिल्लक लागते, तीही महानगराच्या दराने! नोकरी सोडताना पीएफचे पैसे यायचे असतील तर ते येईपर्यंत ठेवा, मग बंद करा.

किमान शिल्लक नकोच असेल तर त्याच बँकेत मूलभूत बचत खातं, म्हणजे ‘बीएसबीडी’ करून मागा. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला चार वेळा पैसे काढणं फुकट. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

लाडकी बहीण योजनेचे पैसे ऑगस्ट २०२४ मध्ये पहिल्यांदा जमा झाले तेव्हा अनेक बायकांच्या खात्यांतून जुने थकलेले चार्जेस लगेच वळते झाले. सरकारी योजनांचे पैसे आधार ज्या खात्याला जोडलेलं असतं तिथे जातात, आणि ते बऱ्याचदा विसरलेलं जुनंच खातं निघतं. माय-आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ मध्ये कोणती बँक आहे ते दिसतं. बदलायचं तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे आधार जोडणीचा अर्ज द्यायचा, जुन्या बँकेत जायची गरज नसते.

एटीएम आणि किरकोळ

दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर फुकट व्यवहार मुंबई-हैदराबादसारख्या सहा महानगरांत तीन, सोलापुरात पाच. शिल्लक बघणंही यात मोजलं जातं. त्यापुढे १ मे २०२५ पासून एका व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत, वर जीएसटी. शिल्लक मिस्ड कॉलने बघा, एटीएमने नको. मशीनमधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर बँकेने पाच दिवसांत परत करायचे असतात. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ती आपोआप आली नाही तर मागायची.

खरोखरच ओव्हरड्राफ्ट हवा असेल तर

५०,००० ची ठेव असेल तर तिच्यावर साधारण ४५,००० चा ओव्हरड्राफ्ट मिळतो, ठेवीच्या व्याजापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त दराने. व्याज वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतंच. ८ टक्क्यांनी ५,००० दहा दिवस वापरले तर सुमारे ११ रुपये. एका बाउन्सचे २९५ शेजारी ठेवून बघा. जनधन खात्यावर १०,००० पर्यंत ओव्हरड्राफ्ट आहे, त्यात २,००० पर्यंत अटी नाहीत. त्यापुढच्या रकमेसाठी खातं सहा महिने नीट चालवलेलं असावं लागतं, आणि ओव्हरड्राफ्ट शाखेत मागावा लागतो. हे पैसे कर्जच आहेत. पगार आला की आधी ते भरून काढायचे.

चार्ज परत मागताना

रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकातले तीन मुद्दे व्यापारी बँकांना लागू आहेत: किमान शिल्लक घटली की आधी कळवायचं आणि भरून काढायला महिन्याची मुदत द्यायची, दंड तुटीच्या प्रमाणात लावायचा, आणि केवळ या दंडामुळे खातं उणे होऊ द्यायचं नाही. शिवाय दोन वर्षं व्यवहार न झाल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर हा दंड लावता येत नाही, आणि ते पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. तुमचा चार्ज यांपैकी कशात बसतो ते आधी ठरवा. ‘गरीब माणूस आहे, सोडा’ यापेक्षा नेमका मुद्दा टिकतो.

अर्ज मराठीत चालतो. एवढा मजकूर पुरे:

“मा. शाखाधिकारी यांस. माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार अंक ....) दि. .... रोजी रु. .... किमान शिल्लक दंड म्हणून वजा झाले आहेत. त्यापूर्वी मला एसएमएस, ईमेल वा पत्राने सूचना मिळालेली नाही. कृपया सूचना दिल्याचा पुरावा द्यावा, अन्यथा रक्कम जीएसटीसह परत जमा करावी. सोबत स्टेटमेंटची प्रत.”

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. एसएमएस न येण्याचं कारण कधी कधी आपणच असतो: जुना मोबाइल नंबर. तो तपासूनच जा, नाहीतर पहिल्याच वाक्याला अर्ज पडतो. बाउन्सचा चार्ज बँकेच्या चुकीने लागला नसेल तर तो हक्क म्हणून परत मिळत नाही. पण बरीच वर्षं खातं चांगलं चालवलं असेल आणि पहिलीच वेळ असेल तर शाखाधिकारी तो परत करू शकतात. विचारायला पैसे पडत नाहीत.

शाखेने दाद दिली नाही तर बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल आहेत: सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार होते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल-फ्री नंबर. बँकेकडे न जाता थेट इथे गेलं तर तक्रार परत येते. ५० कोटींवर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका यात येतात. पतसंस्था येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करायची.

जादा खातं बंद करताना

आधी त्या खात्यावरचे मॅन्डेट, ऑटोपे, गॅस सबसिडी, विमा, पीएफ यांची यादी करून ते हलवा. एक पूर्ण महिना वाट बघा, म्हणजे राहिलेलं एखादं डोकं वर काढेल. उघडून वर्ष झालं नसेल तर बऱ्याच बँका बंद करण्याचे पैसे लावतात; दोन-तीन महिनेच उरले असतील तर तेवढं थांबा. मग न वापरलेलं चेकबुक, कापलेलं कार्ड, पासबुक आणि अर्ज घेऊन शाखेत जा. शिल्लक शून्य करून खातं सोडून देणं म्हणजे बंद करणं नव्हे. खातं बंद झाल्याचा शिक्का पासबुकावर किंवा पत्र हातात पडल्याशिवाय काउंटर सोडू नका.